हातातल्या हातात

ताईने संगणकावरच्या कार्टूनमधल्या अंगठ्याचा लेअर, म्हणजे चित्राचा थर, ओढून तळहाताच्या वर आणला, स्पेसबार दाबला आणि धाकट्या भावाला पडदा नीट दिसावा म्हणून स्वतःची खुर्ची बाजूला सरकवली.

पडद्यावरचा डॉक्टर खुणांच्या भाषेत बोलू लागला. ऑपरेशनच्या आधी काय खायचं नाही, भूल कशी देतात, आत नेल्यावर घरच्यांनी कुठे थांबायचं. ऐकू न येणाऱ्या रुग्णांसाठी इस्पितळाने मागवलेली फिल्म होती. ताईने त्या डॉक्टरचं एकेक बोट वेगळ्या लेअरवर काढून लेकरासारखं सांभाळलं होतं. भाऊ जन्मापासून बहिरा, आणि सोमवारी त्याच्याच पोटाचं ऑपरेशन. म्हणून पहिला प्रेक्षक तोच.

फिल्म संपली. भावाने मान हलवली, अंगठा वर केला.

"बघा!" मागे उभे असलेले स्टुडिओचे मालक खूश झाले. "मी म्हणत नव्हतो? मोशन ब्लर टाकला, हालचाल जराशी पुसट केली आणि हात कसे लोण्यासारखे फिरायला लागले. आधी नुसती कळसूत्री बाहुली वाटत होती. द्या पाठवून."

ताईचा हात माउसवर गेला आणि तिथेच थांबला. मान हलवायची ही तऱ्हा तिच्या ओळखीची होती. घरी पाहुणे आले आणि सगळे एकदम बोलायला लागले की तो बिचारा अशीच हलवायचा.

तिने हातांनी विचारलं, "पाणी कधीपर्यंत प्यायचं?"

त्याने पुन्हा मान हलवली.

"मान नको हलवू. सांग."

तो ओशाळला. मग हळूच हसत त्याचे हात म्हणाले, "डॉक्टर स्वभावाने चांगला आहे गं. पण हातातल्या हातात पुटपुटतो."

ताईला खुदकन हसू आलं आणि लगेच चेहरा उतरला. धावत्या चेंडूमागे पुसट रेघ शोभते. इथे धावत होते ते शब्द. ब्लरने बोटं एकमेकांत कालवून टाकली होती. वर मल्टिप्लाय ब्लेंडिंग, म्हणजे एकावर एक आलेले रंग गडद होत जाणारे, त्यामुळे हातावर हात आला की नुसता काळा डाग. कुठलं बोट पुढे अन् कुठलं मागे, देव जाणे.

"साहेब, थोडा वेळ द्या."

"अहो ताई, संध्याकाळी फिल्म द्यायचीय! आणि कळलं की त्याला. मान हलवली त्यानं."

"त्याचीच तर भीती वाटते," ताई म्हणाली.

मालकांनी तिच्याकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं, आणि ते स्टूल ओढून बसले.

तिने हातांच्या सगळ्या लेअरवरचा ब्लर काढला, ब्लेंडिंग साधं केलं, प्रत्येक खूण शेवटी जराशी थांबवली आणि फिल्म पुन्हा सुरू केली. डॉक्टर पुन्हा थोडा बाहुलीसारखा झाला खरा.

या वेळी भावाने मान हलवली नाही. तो पुढे झुकला.

"थांब. मागे घे. चहासुद्धा नाही?"

"चहासुद्धा नाही."

"हा आता जरा जास्तच स्पष्ट बोलतोय."

फिल्म पुढे सरकली. आतलं दार उघडलं, डॉक्टर बाहेर आला आणि बाकावरच्या घरच्या माणसांशी बोलू लागला. भावाने स्वतःच हात लांब करून स्पेसबार दाबला. चित्र थांबलं. तो त्याकडे बघत राहिला.

"बाबांच्या ऑपरेशनच्या वेळी डॉक्टर असाच बाहेर आला होता," त्याचे हात सावकाश म्हणाले. "आई बोलत होती. तू रडत रडत हात हलवत होतीस. भराभर."

"हो."

"मी मान हलवली होती."

त्याची नजर अजून थांबलेल्या चित्रावरच होती.

"काय सांगितलं होतं गं डॉक्टरने?"

"काय म्हणतोय?" मालकांनी हळू आवाजात विचारलं. "आता कळलं ना त्याला?"

ताईने माउस दूर सारला. खुर्ची भावासमोर वळवली, डोळे पुसले. मग दोन्ही हात उजेडात धरून तिने पहिली खूण केली, आणि त्याची नजर तिच्यावर पुरती फिरेपर्यंत बोटं हलू दिली नाहीत.