पांढरी सात

हेमा गेल्याचा फोन आला तेव्हा मी कोपरच्या घरी तिच्यासाठी मऊ भात डब्यात भरत होतो. दुपारचे पावणेतीन वाजले होते. रुग्णालयातली बाई म्हणाली, "लवकर या." मी विचारलं, "आहे ना ती?" ती म्हणाली, "तुम्ही या आधी." तेवढ्यावरून कळलं. डबा ओट्यावर तसाच राहिला. तीन दिवसांनी उघडला तर भाताला तार सुटली होती.

संध्याकाळी हेमाला घरी आणलं तेव्हा पहिल्या मजल्यावरची माधवी जिन्यात उभी होती. डोळे सुजलेले. मी तिच्याकडे बघितलं आणि तोंड फिरवलं. ती वर आली नाही.

कारण होतं हेमाचा कीबोर्ड. हेमा बिल्डिंगमधल्या बायकांना भजनं शिकवायची. त्यात माधवी तिची सगळ्यात जवळची. दोघी रोज दुपारी बसायच्या. माधवीला एक घाण सवय होती, चहाचा कप कीबोर्डवरच ठेवायची. मला ते बघवत नसे. गेल्या दिवाळीनंतर कीबोर्डची एक पट्टी वाजेनाशी झाली. मधल्या सप्तकातली पांढरी सात. हेमा काळी तीनमध्ये गायची, त्यामुळे तिचा मध्यम नेमका तोच.

मी माधवीला सगळ्या बायकांदेखत सुनावलं, "चहा प्यायचा तर आपल्या घरी प्या. दुसऱ्याच्या वस्तूची वाट लावताना लाज वाटत नाही?"

ती म्हणाली, "भाऊ, माझा कप कधी कलंडला नाही हो."

"आता खोटंही बोला."

त्यानंतर ती आमच्याकडे आली नाही. हेमा एकटीच बसायची. ती पट्टी आली की बोट उचलायची आणि तेवढा सूर गळ्यातून काढायची.

रुग्णालयात तिने मला दोनदा सांगितलं, "ती पट्टी दुरुस्त करून घ्या आणि कीबोर्ड माधवीला द्या."

"जिने बिघडवला तिलाच?"

"आधी दुरुस्त तर करा."

तेरावं झाल्यावर दोन महिने कीबोर्ड पलंगाखाली पडून होता. मग एक दिवस उचलला आणि ठाण्याला, नौपाड्यात गणू भोईरकडे नेला. पन्नाशीचा माणूस, पेटीपासून कीबोर्डपर्यंत सगळं दुरुस्त करतो.

"चहा सांडलाय," मी म्हणालो. "साखर चिकटली असेल. झुरळंही असतील. शिकायला यायची त्या बाईला शिस्त नव्हती."

गणूने कीबोर्ड उलटा केला, एकेक करून सगळे स्क्रू काढले आणि पट्ट्या उचलल्या. खालचा रबर सोलला. मग हसायला लागला.

"काका, ती बाई चायमधी कुंकू टाकून पिते काय?"

मी वाकून बघितलं. रबराखाली लाल-काळा चिखल होता. त्याला खवट तेलाचा वास येत होता. चिखलात तांबडे पडलेले तांदळाचे दाणे, एकमेकांना जाळीने चिकटलेले. एक दाणा हलला. आत अळी होती.

"चाय असती तं मुंग्या लागल्या असत्या. ही पूजा हाय. दसऱ्यानंतर असे चार-पाच येतात माझ्याकडे. पण कुंकू तेलात कालवून? असा भक्त नाय बघितला मी. कोणाचं डोकं हे?"

डोकं माझं होतं.

चौतीस वर्षं मी डोंबिवलीला एमआयडीसीत फिटर होतो. दसऱ्याला आम्ही कुंकू तेलात कालवून मशीनवर बोटं ओढायचो, म्हणजे ते झडत नाही. वरून अक्षता. रिटायर झालो, घरात दुसरं मशीन नव्हतं, म्हणून मी कीबोर्डची पूजा करायला लागलो. हेमा दर वर्षी म्हणायची, "अहो, कडेला एक बोट लावा. पट्ट्यांवर नको." मी म्हणायचो, "मशीनची पूजा तू मला शिकवू नकोस." आणि मुद्दाम अजून मूठभर अक्षता टाकायचो.

पट्टी बंद पडली तेव्हा दसरा होऊन महिनाही झाला नव्हता. बिघाड कुठून आला हे शोधण्याचा मी जन्मभर पगार घेतला. माझ्या घरात मला फक्त चहाचा कप दिसला.

गणू स्पिरिट लावून पुसत होता. लाल झालेले कापसाचे बोळे टेबलावर साचत गेले. मला ते बघवेनात, पण बघत राहिलो. शेवटी त्याने पट्ट्या बसवल्या आणि पांढरी सात दाबली. वाजली. तो सूर मी एवढे दिवस फक्त हेमाच्या गळ्यातून ऐकला होता.

"झाली बघा. आता पूजा करायची तं खोक्याची करा."

घरी आल्यावर मी साबणाने तीनदा हात धुतले. गणूने मला आत हातही लावू दिला नव्हता. तरी धुतले.

मी तिसऱ्या मजल्यावर राहतो. कीबोर्ड वर नेताना माधवीचं दार उघडंच होतं. ती जमिनीवर बसून मेथी निवडत होती. तिने कीबोर्डकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी पुढची पायरी चढलो.

आज अकरा दिवस झाले. कीबोर्ड द्यायचा राहिला आहे. आणि तो चहा नव्हता, कुंकू होतं, ते मीच टाकलं होतं, हे माधवीला सांगायचं राहिलं आहे.