रिकामी बाजू

कॅसेटच्या इवल्याशा खिडकीतून तपकिरी फीत दिसत होती, सगळी एकाच चाकावर गुंडाळलेली, आणि धुळाप्पा ती शर्टाच्या खिशातून काढून पुन्हा पुन्हा बघत होता — जणू रात्रीतून आतलं गाणं कुणी काढून नेलं असतं. न्यायला काय, सोलापुरात जपानी गाण्यावाचून कुणाचं एवढं अडलंय! चुलीपुढून राजाबाईनं चहा निवल्याचं सांगितलं. त्यानं तो निवलेलाच पिऊन टाकला. गेला आठवडाभर तो अंघोळ करताना, चप्पल शोधताना तेच गुणगुणत होता, आणि शेजारच्या केराबाईनं राजाबाईला हळूच विचारलंही होतं, की तुमच्या मालकाला कुणी काही केलं तर नाही ना.

केलं होतं ते ओकादानं. चादरीच्या कारखान्यात नवे माग बसवायला आलेला हा जपानी इंजिनिअर. गोरापान, अबोल, भाकरीचा पापुद्रा अलगद सोलून आधी तोच खाणारा. आज संध्याकाळी त्याचा निरोपसमारंभ होता. जाताना तो एका फिटरला वर्षभराच्या शिक्षणासाठी जपानला बोलावून घेणार, नाव तोच सांगणार, आणि नावं दोनच होती — धुळाप्पा आणि अक्कलकोटकडचा शरणप्पा. कारखान्याच्या मालकांच्या डोक्यातून मग ही गाण्याची टूम निघाली. दोघांनी पाहुण्याचं एकेक गाणं म्हणायचं, पाहुणा खूश. ओकादाच्या कॅसेटवर एका बाजूला गाणी होती, दुसऱ्या बाजूला तीच गाणी, पण गाणारा नाही, नुसतं वाजप. त्याच्या गावी कारखाना सुटला की साहेब-कामगार असल्या वाजपावर आपापल्या गळ्यानं गातात म्हणे. समजावून सांगताना त्यानं पेला पालथा धरून दाखवला होता. रिकामा.

सोपं गाणं कोणतं, यावर दोघांनी जेवणाच्या सुट्टीत खल केला. शरणप्पाचं म्हणणं, संथ असेल ते सोपं, जीभ वळायला सवड मिळते; त्यानं कुठल्याशा बर्फातल्या स्टेशनाचं रडकं गाणं उचललं. धुळाप्पानं कोळ्यांचं घेतलं. एकानं ओळ म्हणायची, बाकीच्यांनी शेवट ओढून धरायचा, की जाळं किनाऱ्याला आलंच — ओकादानं दोरी ओढल्यासारखे हात करून दाखवलं, आणि धुळाप्पाला पहिल्या ऐकण्यातच ते आपलं वाटलं. सोपं म्हणजे किती सोपं! रोज दुपारी स्टोअरमध्ये टेप लागायची, आतला कोळी ओळ वर उचलायचा, आणि तिच्या शेवटाला धुळाप्पाचा आवाज असा बिनचूक जाऊन बसायचा, की ओकादा डोळे मिटून घ्यायचा. गाण्याच्याच बाजूवर सगळी तालीम झाली. बाजू उलटून बघावी असं धुळाप्पाच्या मनातही आलं नाही... गाणं तर तेच होतं.

आणि त्याला जायचं होतं. पैशासाठी नाही, विमानासाठी तर नाहीच नाही. जिथं थोरल्या भावाला, येडूला, कुणी ओळखत नाही अशा गावी जायचं होतं. मंगळवेढ्याच्या बाजारात, एसटीत, सोयरिकीत, कुठंही जा, माणसं विचारणारच — थोरला गेल्यापासून ओवी न्हाय का रं झाली? बिरोबाला हाक घालून सुंबरान मांडायचं, म्हणजे ओवी सुरू करायची, ती येडूनं. त्याचा सूर माळावरून पार मेंढरांपर्यंत जायचा. तो खाली यायला लागला की शेवटचे शब्द झेलायचे, लांबवायचे, ही झील धाकट्याची. लहानपणापासून तेवढंच. दुष्काळात मेंढरं गेली, येडू खडी फोडायला गेला आणि उन्हानं तिथंच आडवा झाला. धुळाप्पा कारखान्यात पाळीवर होता. निरोप पोचून तो गावी जाईपर्यंत मातीसुद्धा उरकली होती.

पुढच्या जत्रेला भंडारा उधळला, ढोल लागले. जत्रेचे मानकरी आबासाहेब म्हणाले, "मांड आता तूच, धुळाप्पा. भाऊ न्हाय तर भाऊ." ढोल घुमत राहिला. सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते, आणि मी — कुणाला सांगू — मी शेजारी बघत होतो.

संध्याकाळी कॅन्टीनमध्ये टेबलांवर कारखान्याच्याच चादरी अंथरल्या होत्या. शरणप्पा आधी गायला. आवाज म्हणजे डबक्यातला बेडूक, पण पठ्ठ्या पहिल्या शब्दापासून शेवटापर्यंत न अडता गेला. टाळ्या झाल्या. मग ओकादानं धुळाप्पाकडून कॅसेट घेतली, रिकामी बाजू वर करून टेपमध्ये बसवली, आणि हसून मान लववली.

तेच वाजप. तेच थेंबासारखे सुरुवातीचे सूर, तोच ढोल — हो, ढोलच तो — आणि मग वाद्यं बाजूला सरली, ओळीपुरती जागा करून. धुळाप्पा माइक धरून उभा. कोळी काही बोलेना. एवढी मोठी असते एक ओळ? ती पूर्ण निघून गेली, नुसती, आणि तिच्या टोकाशी धुळाप्पाचा गळा आपोआप उघडला. झील पडली. सुरात, ठेक्यात, जिथल्या तिथं.

मालकांना वाटलं, गाणं असंच असेल. त्यांनी मान डोलावली. शरणप्पा खाली बघत होता. ओकादाला मात्र कळलं. तो खुर्चीतून अर्धवट उठला, बोटानं स्वतःच्या छातीकडं खूण केली — मी म्हणतो, तू मागून ये. भला माणूस. पुढची जागा येतच होती, त्यानं श्वास भरून घेतला, आणि मला असा काही राग आला की माझा मलाच भरवसा वाटेना. ती ओळ मला पाठ होती, ओठांवर होती. तेव्हा जत्रेत येडूची ओळही होतीच की. येत नाही, येत नाही म्हणून इतके दिवस जगाला आणि स्वतःलाही सांगत आलो, आणि न येण्यासारखं त्यात काही नव्हतंच. मलाच म्हणायची नव्हती. कुणीच म्हणू नये असं वाटत होतं.

मी ओकादाकडं बघून मान हलवली. नको. तो हळूच खाली बसला. जपान गेलं, तेही कळलं. पण तिथं तरी मी कुणाला त्या जागेवर येऊ दिलं असतं?

ढोल चालू होता. येडूची ओळ रिकामीच पुढं चालली होती, आणि मी तिच्या शेवटाशी थांबलो होतो, झील धरायला.