माझ्यात काही हलत नव्हतं

मी आरशाची काच बोलतेय. कोपऱ्यात उभी केलेली, काठापासून पोटापर्यंत तडकलेली. तेनेरीफेच्या डोंगरावर, ढगांच्याही वर, सूर्य बघायचा मनोरा आहे. त्याच्या डोक्यावर माझी जागा होती. ऊन झेलायचं आणि खालच्या अंधाऱ्या खोलीत टाकायचं, एवढंच माझं काम.

खाली त्या उन्हाचे रंग फाकायचे. रंगांत एक काळी रेघ असायची, आणि ती डुलायची. खोलीत वारा नाही, कुणी बोलत नाही, आणि रेघ आपली डावीकडे, उजवीकडे, झोपलेल्या माणसाच्या छातीसारखी. सूर्यावरच्या काळ्या डागाकडे मला वळवलं की हमखास.

ते काय आहे मला ठाऊक होतं. ऊन माझ्याच अंगावरून जायचं ना! सूर्याच्या पोटातून लाटा वर येतात, आणि त्यांच्याबरोबर रेघ डुलते. डागाच्या मधोमध चुंबकाच्या दोऱ्या ताठ उभ्या. त्या उभ्या चढावर सूर्याची ओढ संथ लाटांचे पाय धरून त्यांना खाली खेचते. चपळ तेवढ्या निसटतात. डागाच्या कडेला दोऱ्या कलतात. तिरक्या वाटेवर ओढ सैल पडते. मग संथ लाटाही चढतात. हळूहळू, पण येतातच.

डॉन फर्मिन इथले मुख्य. माझी चौकट त्यांनी स्वतःच्या हातांनी बसवलेली. ती चुकेल कशी? चुकणार ती मीच. रेघ डुलली की गोफिओचा, म्हणजे इथल्या भाजक्या पिठाचा, गोळा चघळत वर यायचे आणि माझे स्क्रू आवळायचे.

त्यांच्या हाताखाली निरीक्षणं घेणारी युरेना एकदा चिडलीच. "काच हलली असती तर सगळं एका तालात हललं असतं, डॉन फर्मिन. इथे मधे भरभर, कडेला सावकाश. हे सूर्याचंच आहे."

"पोरी, सूर्याच्या स्क्रूपर्यंत माझा हात पोचत नाही," ते म्हणाले. "हिच्या पोचतो." आणि माझ्या स्क्रूला अजून एक पीळ दिला.

कट्. एवढाच आवाज झाला.

खाली रेघ तशीच डुलत होती.

आज सकाळी माझ्या जागी नवी काच चढली. देखणी आहे, अंगावर ओरखडा नाही. ऊन तिच्यावरून खाली गेलं, रेघ पुन्हा डुलली असणार, कारण थोड्याच वेळात जिन्यावर पाना आपटत आल्याचा आवाज आला. डॉन फर्मिनच. युरेना त्यांच्या आधी धापा टाकत वर पोचली आणि काचेच्या चौकटीपुढे हात पसरून उभी राहिली.

पोरी, हटू नकोस. ती अजून कोवळी आहे, आणि सूर्यातून वर काय चढून येतंय ते तिला आत्ता कुठे जाणवायला लागलंय.