सातवा ठिपका

अंध मावशी वारली होती; तिचं ब्रेलचं मशीन उद्या अंधशाळेत जायचं होतं. त्याआधी भाचीला एवढंच करायचं होतं: आतलं लिखाण लॅपटॉपवर उतरवून घ्यायचं आणि मशीन कोरं करायचं.

"उद्या दहाला शाळेच्या बाई येतील न्यायला," आई दारातून म्हणाली. "घोळ घालत बसू नकोस."

उतरवण्याचा प्रोग्राम भाचीचाच. दोन वर्षांपूर्वी मावशीने मागे लागून लिहून घेतला होता. ब्रेलच्या एका घरात सहा ठिपके, पण मशीनला आठ कळा, कारण संगणकाच्या ब्रेलमध्ये खाली आणखी दोन ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याला किंमत: एक, दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस, चौसष्ट, एकशे अठ्ठावीस. उठलेल्या ठिपक्यांची बेरीज एका ठरलेल्या आकड्यात मिळवली, की त्या घराचं चिन्ह मिळतं. मावशीच्या करंगळ्या खालच्या कळांवर चुकून पडायच्या, म्हणून भाचीने शेवटचे दोन ठिपके सरळ गाळून टाकले. मावशी खूश झाली होती.

"माझ्या करंगळ्यांना वळण लावलंस गं बाई. माझ्या आईला जन्मात जमलं नाही ते."

प्रोग्राम संपला. शेवटच्या अकरा फायलींपुढे त्याने लिहिलं होतं: कोरी, एकही ठिपका नाही.

ते तिला ठाऊक होतं. झटका आल्यावर मावशीची वाचा गेली, हात गेले. तरी ती मशीन मांडीवर मागून घ्यायची. भाची ऑफिसातून येऊन रोज आपल्या प्रोग्राममधून फाईल बघायची आणि रोज तेच सांगायची, "काही उमटत नाहीये, मावशी. दमलीस तू. पड आता." सातला ती आपल्या घरी निघायची. मावशीचा चेहरा दाराच्या आवाजाकडे वळलेला असायचा.

मशीन पुसण्याआधी तिची नजर उतरवलेल्या फायलींच्या आकाराकडे गेली. त्या चांगल्याच जड होत्या. ब्रेलचं कोरं घर म्हणजे साधी मोकळी जागा नव्हे. त्यालाही स्वतःचा आकडा असतो, आणि प्रोग्राममधली मोकळ्या जागा झाडून टाकणारी आज्ञा त्याला हात लावत नाही. म्हणजे एकेका फायलीत शेकडो कोरी घरं होती. इतकी कोण दाबतं?

तिने मशीनमधली मूळ फाईल उघडली.

चौसष्ट. कोरं. चौसष्ट, चौसष्ट, चौसष्ट, चौसष्ट. कोरं.

चौसष्ट म्हणजे सातवा ठिपका. डावी करंगळी. मावशीची तेवढीच शिल्लक होती, आणि कोरं घर दाबणारा अंगठा.

तिने मोजायला घेतलं. एकदा. मग चारदा, पाचदा, सहादा. मग दोन कोरी घरं. लहानपणी मावशी तिच्या तळहातावर ठिपक्यांचे नंबर असेच टकटक करायची, "एक-चार-पाच-सहा, सांग कोण?" आणि ती ओरडायची, "थ!" पुढे तीन-चार-पाच, काना. पाच-सहा, अनुस्वार. एक-दो‍न, ब.

थांब.

अकराही फायलींत तेवढंच होतं, पुन्हा पुन्हा, कुठे चुकलेलं, कुठे अर्ध्यात सुटलेलं. शेवटच्या फायलीत शेवटची कळ दाबल्याची वेळ होती सात वाजून दहा मिनिटं.

"पुसलंस ना?" आई आत आली.

"नाही."

"का? तूच म्हणायचीस, त्यात काही नाही."

भाचीने मशीन मांडीवर घेतलं. ती म्हणाली, "बाईंना कळव, हे नको. मी त्यांना दुसरं घेऊन देते."

आईने तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि दार ओढून घेतलं.

तिने शेवटची फाईल मशीनच्या पट्टीवर लावली. बारीक खिळे टकटक करत वर आले. तिचं बोट सवयीने वरच्या सहा ठिपक्यांवरून सरकलं. तिथे खरंच काही नव्हतं. मग ते तिने खाली नेलं, डाव्या कोपऱ्यात.

सात वाजले. ती उठली नाही.