डाव्या हाताचा बोल्ट

मार्लिस ट्वाइट डावखुरी, पण वडिलांची रायफल उजव्या हाताची. काडतूस नळीत ढकलणारा बोल्ट उजव्या बाजूला; तो ओढायचा तर दर वेळी डावा हात बंदुकीवरून पलीकडे न्यावा लागे. गेल्या शरदात ती शिकार केलेलं एल्क हरीण सोलत असताना अस्वल धावून आलं. घाईत तिने बोल्ट अर्धाच ढकलून मागे ओढला. पहिलं काडतूस नळीत राहिलं, पुन्हा ढकलताच दुसरं त्यावर आदळलं आणि बंदूक अडकली. भाऊ रॉइसने हवेत बार काढले म्हणून अस्वल वळलं. तेव्हाच तिने ठरवलं, आपल्या हाताची बंदूक बांधून घ्यायची.

बर्फ वितळू लागताच दोघं ऑर्व्हल लिंडक्विस्टच्या दुकानात गेली. मोंटानाच्या त्या भागात बंदुका बांधाव्यात तर या म्हाताऱ्यानेच. नळी, दस्ता मागाहून बघू, आधी ॲक्शन निवडा, म्हणजे बोल्ट ज्यात फिरतो तो गाभा, असं त्याने सांगितलं. रॉइसला तिच्यासाठी हलकी, टायटॅनियमचीच हवी होती. डोंगर चढताना वजन जाणवत नाही, हे त्याचं पालुपद वाटभर चालू होतं.

तसली एक डावी रायफल दुकानात तयार होती. मार्लिसने बोल्ट ओढला आणि ती हरखलीच, इतका तो अलगद सरकला. मग ऑर्व्हलने तिला जाड हातमोजे घालायला लावले, नकली काडतुसं भरली आणि बोल्ट मुद्दाम अर्धवट ढकलून ओढायला सांगितलं. काडतूस पुन्हा आतच राहिलं. तिने ती रायफल परत ठेवली.

ऑर्व्हल मागच्या खोलीतून कच्च्या दस्त्याची एक अर्धी बांधलेली रायफल घेऊन आला. तिच्या बोल्टला लांब पोलादी नखी होती. काडतूस वर येताच ती त्याची कड पकडे. मार्लिसने अर्धवट ढकलून ओढलं, काडतूस बाहेर. बंदूक उलटी धरून ओढलं, तरी बाहेर. हात पलीकडे न्यावाच लागत नव्हता. ती ओढतच राहिली, काडतुसं फरशीवर टणाटण उडत होती.

"हीच," ती म्हणाली. "कोणाची आहे?"

"माझीच. मीही डावखुराच," ऑर्व्हल म्हणाला. "पण या गुडघ्यांनी मी आता कुठला डोंगर चढतोय? घेऊन टाक."

"अगं, पण वजन," रॉइस कुरकुरला.

तिने रायफल त्याच्या हातात दिली. ती खांद्याला लावून बोल्ट शोधताना त्याचा उजवा हात चाचपडला, मग बंदुकीवरून पलीकडे गेला, आणि रायफल खांद्यावरून घसरली.

"मी वीस वर्षं अशीच झुंजले, रॉइस," मार्लिस हसत म्हणाली आणि दस्त्याच्या मापासाठी ऑर्व्हलपुढे हात लांबवून उभी राहिली.