पुढच्या बॅचपर्यंत

“ओरडू नका, बाई. ही प्रयोगशाळा आहे,” मी म्हणालो.

“मी ओरडतेय का हळू बोलतेय, ते मला कुठं कळतंय?” ती आणखी मोठ्याने म्हणाली. “तुम्ही तोंड माझ्याकडे करून बोला. खाली बघून बोललात तर मला ओ की ठो कळत नाही.”

मी आयुष्यभर खाली बघूनच बोलत आलो आहे. मान वर केली. बाई पन्नाशीची असावी. गळ्यात शिलाईची टेप तशीच लटकत होती आणि बाहीला दोन टाचण्या टोचलेल्या होत्या. हातातले काम टाकून उठून आली होती.

“ते लाल दिव्याचं यंत्र कुठाय? चार दिवसांत परत आणून देतो म्हणाली होती पोरं. आज एकविसावा दिवस.”

यंत्र कुठे होते ते मला चांगले ठाऊक होते. माझ्या पाठीमागच्या भिंतीवर, सात वेगवेगळ्या ड्रॉवरमध्ये. कंप ओळखणारी पितळी चकती एकात, दिवा दुसऱ्यात, आतला प्रोग्राम पुसलेली चिप तिसऱ्यात. मीच काढून ठेवले होते.

मी या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागात एकतीस वर्षे प्रयोगशाळा सहायक आहे. शेवटच्या वर्षाच्या मुलांना एक प्रोजेक्ट करावा लागतो, आणि तो ‘लोकांच्या प्रत्यक्ष अडचणीवर’ असावा असा आमच्याकडे दंडक आहे. आंधळ्यांसाठी बोलणारी काठी, गोळ्यांची वेळ सांगणारी डबी, टाकी भरली की ओरडणारे यंत्र, असे काय काय मी पाहिले. बाहेरचे परीक्षक येतात, अर्धा तास बघतात, मान डोलावतात, चहा पितात. मग मुले ते यंत्र माझ्या टेबलावर आणून ठेवतात. पार्ट स्टोअरमधून उसने दिलेले असतात. ते परत मिळाल्याशिवाय मी ‘नो ड्यूज’वर सही करत नाही, आणि माझ्या सहीशिवाय गुणपत्रिका मिळत नाही. मी सोल्डरिंग आयर्न तापवतो आणि एकेक पार्ट सोडवून ड्रॉवरमध्ये टाकतो. पुढच्या वर्षीच्या मुलांना तेच पार्ट, बहुतेक वेळा तोच विषय. मुले मला पाठीमागे ‘परतकाका’ म्हणतात. खोटे कशाला बोलू, मला त्याचा थोडा अभिमानच होता.

ही बाई शिवणकाम करते. तिशीत कसल्याशा तापात तिचे कान गेले. आई पलंगाला खिळलेली. एक बाजू लुळी आणि वाचा गेलेली. आईला काही हवे असले तर ती चांगल्या हाताने पलंगाच्या लोखंडी दांडीवर चमचा आपटते. आणि लेक शेजारच्या खोलीत मशीनवर बसलेली, ठार बहिरी. देवालासुद्धा अशी थट्टा कशी सुचते कोण जाणे.

ही अडचण तीन मुलांना सापडली होती. एक उंच, एक सारखा बडबडणारा, आणि एक चष्मेवाली. त्यांनी आधी मशीनखाली थरथरणारी मोटर बसवली. बाई हसून म्हणाली होती, “अगं, मशीन स्वतःच थरथरतं दिवसभर. त्यात तुमची थरथर मी कशी ओळखू?” मग त्यांनी मनगटात बांधायचा पट्टा केला, त्यात दोरा गुंतायला लागला. शेवटी चष्मेवाली चार दुपारी त्या घरात नुसती बसून राहिली. बाईची नजर कुठे असते ते पाहत होती. नजर सुईवर असते. मग त्यांनी दांडीला चकती चिकटवली आणि सुईशेजारी लाल दिवा बसवला. चमचा वाजला की दिवा लागायचा. सहा आठवडे ते यंत्र त्या घरात चालले. एकतीस वर्षांत एखाद्याच्या घरात चाललेले मला आठवते ते एवढे एकच.

मग परीक्षा आली. मुलांनी ते चार दिवसांसाठी म्हणून काढून आणले. पहिला पुरस्कार मिळाला. दुसऱ्या दिवशी चष्मेवाली माझ्या टेबलापाशी आली.

“काका, हे नका ना सोडवू. एका बाईंचं आहे हे.”

“यादीत स्टोअरचं म्हणून लिहिलंय.”

“काका, प्लीज. आम्ही दुसरे पार्ट आणून देतो.”

“दरवर्षी कोणी ना कोणी हेच म्हणतं. नियम सगळ्यांना सारखा.”

तिने नो ड्यूजचा कागद पुढे केला. मी सही केली. अक्षर नेहमीप्रमाणे वळणदार आले.

“बोला ना,” बाई म्हणाली. “कुठाय?”

“सोडवलं,” मी म्हणालो.

“म्हणजे?”

“तोडलं. मी.”

तिने माझ्या ओठांकडे पाहिले, मग डोळ्यांकडे. आपण चुकीचे वाचले की काय, असे तिला वाटले असावे. मी पुन्हा म्हणालो. मग ती शेजारच्या स्टुलावर बसली आणि जे बोलली ते सगळ्या प्रयोगशाळेने ऐकले. प्रॅक्टिकल करणारी मुले हात थांबवून उभी राहिली.

“गेल्या मंगळवारी आई पलंगावरून सरकली. डोकं खाली, पाय वर अडकलेले. चमचा हातात होता. दोन तास वाजवत होती ती. दोन तास! मी पलीकडं गणवेशाच्या बाह्या लावत होते. वरच्या मजल्यावरची बाई खाली आली, कसला आवाज लावलाय म्हणून भांडायला. भांडायला आली म्हणून माझी आई वाचली!”

तिने गळ्यातली टेप काढून मुठीत धरली.

“आधी मी दर दहा मिनिटांनी उठून बघायचे. पंधरा वर्षं. दहा मिनिटं झाली की पाय आपोआप उठायचे. तुमच्या दिव्यानं सहा आठवड्यांत माझी सवय मोडली. आणि मग दिवा नेला. नसता दिला तरी चाललं असतं हो! न देणाऱ्याचा राग येत नाही माणसाला.”

मी उठलो. “चला,” म्हणालो, आणि तिला विभागप्रमुखांकडे घेऊन गेलो. त्या खोलीत बोलावणे आल्याशिवाय मी एकतीस वर्षांत गेलो नव्हतो.

त्यांच्या मागे भिंतीवर नवा फोटो होता. तीन मुले, मध्ये विभागप्रमुख, त्यांच्या हातात ते यंत्र. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. माणूस वाईट नाही. मुलांच्या वसतिगृहासाठी भांडतो, कुणाची फी अडली तर पदरमोड करतो. त्यामुळेच मला पुढचे जास्त झोंबले.

“बाई, झालं ते वाईटच झालं,” ते म्हणाले. “पण तुमचं सहकार्य आम्ही विसरलेलो नाही. अहवालात आभारात तुमचा उल्लेख आहे.”

“उल्लेख नको. माझा दिवा द्या.”

“हे बघा, पुढच्या बॅचला मी हाच विषय देतो. याच्याहून चांगलं करतील. ॲप वगैरे घालून. तुम्हाला मोबाइलवरच समजेल.”

“पुढची बॅच कधी?”

“विषय जुलैत ठरतात. फेब्रुवारी-मार्चपर्यंत तयार होईल.”

“बरं,” ती म्हणाली. “घरी जाऊन आईला विचारते, फेब्रुवारीपर्यंत सरकायची नाहीस ना म्हणून.”

विभागप्रमुख माझ्याकडे बघून म्हणाले, “तुम्ही यांना जरा बाहेर बसवा. पाणीबिणी द्या.”

मला नीट बोलता येत नाही. कुणी मोठ्या आवाजात बोलले की माझेच काहीतरी चुकले असणार असे मला आधी वाटते. पण त्या ‘पाणीबिणी’ने कानशिलापर्यंत काहीतरी चढले.

“सर, ते यंत्र आपलं नव्हतंच,” मी म्हणालो. आवाज चिरकला. “आपल्या मालकीचे फक्त पार्ट होते. त्या पोरीनं चार दुपारी तिथं बसून जे शोधलं, ते कुठल्या ड्रॉवरमध्ये टाकलं मी? सांगा ना. एकतीस वर्षं लोकांच्या अडचणी घेऊन येतो आपण, त्याच्यावर मार्क घेतो, आणि अडचण तेवढी परत करतो. बाकी सगळं ठेवून घेतो!”

“भावनेच्या भरात बोलू नका. तोडलं कोणी? तुम्हीच ना?”

“मीच.”

“मग?”

“मग काही नाही. मी तोडलं. पण नियम शिकवला कोणी?”

“तुमची दोन वर्षं राहिलीत,” ते हळूच म्हणाले. “नीट जाऊ द्या.”

बाई आमच्या दोघांच्या ओठांकडे आळीपाळीने पाहत होती. किती कळले कोण जाणे. बाहेर आल्यावर म्हणाली, “तुम्ही पण ओरडता की. गळ्याच्या शिरा दिसल्या मला.” आणि गेली. पाणी प्यायली नाही.

त्या दुपारी मी चष्मेवालीला फोन केला. ती दुसऱ्या शहरात नोकरीला लागली होती.

“काका? तुम्ही?”

मी सगळे सांगितले.

“मी कळवणार होते त्यांना,” ती म्हणाली. “रोज म्हणायचे, उद्या कळवू. तोंडच नव्हतं कळवायला.”

“प्रोग्राम आहे का तुझ्याकडे? चिप मी पुसली.”

“चिप लागतच नाही हो, काका. चकती, दोन ट्रान्झिस्टर, दिवा आणि लांब वायर. पहिल्यांदा आम्ही तसंच केलं होतं, मस्त चालत होतं. सर म्हणाले, यात प्रोजेक्ट काय? शाळेतली पोरंपण करतील. चिप घाला, वायरलेस करा. म्हणून महागाचे पार्ट आले, आणि म्हणून ते स्टोअरला परत करावे लागले. तेव्हाच भांडायला हवं होतं मी.”

“माझ्याशी भांडलीस की.”

“कुठं? मी नुसतं विचारलं तुम्हाला.”

मी फोन ठेवला आणि ड्रॉवर उघडले. एक, दोन, पाच, सात. नोंदवहीत काहीच लिहिले नाही. मग लक्षात आले की एकतीस वर्षांत मी सोल्डरचे हजारो टाके सोडवले, पण एक अख्खी वस्तू कधी जोडलेली नाही. दोनदा ट्रान्झिस्टर उलटा बसवला. बोट भाजले. राग होता म्हणून हात चालत होता, नाहीतर मी तो खटाटोप तिथेच सोडला असता. दुसऱ्या दिवशी अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज टाकून मी पत्ता शोधत निघालो.

बाईने दार उघडले, बाजूला झाली. मी आतल्या खोलीत दांडीला चकती बसवली, वायर चौकटीवरून ओढली, खिळे ठोकले, बाहेर मशीनच्या सुईशेजारी दिवा बसवला. पलंगावर म्हातारी होती. कपाळावर पट्टी. माझ्याकडे पाहत होती, पण मी कोण, कशाला आलो, याचे तिला काही नव्हते. मी खिशातल्या पेनाने दांडीवर टकटक केले. पलीकडे सुईशेजारी दिवा लागला. पुन्हा केले. पुन्हा लागला.

मी बाईकडे पाहिले. ती आत आली, उशाशी पडलेला चमचा तिने आईच्या हातात दिला.

“वाजव गं, आई. बघ, दिवा आलाय.”

म्हातारीने बोटे मिटली नाहीत. चमचा चादरीवर पडला. लेकीने पुन्हा दिला. पुन्हा पडला. मग म्हातारीने तोंड भिंतीकडे केले.

“त्या दिवसापासून वाजवत नाही ती,” बाई म्हणाली. पहिल्यांदाच तिचा आवाज खाली आला होता. “यंत्र नेलंय म्हणून मी सांगितलं होतं तिला. पण तिच्या ध्यानात राहत नाही. तिला वाटलं, दिवा लागतोय, मला दिसतोय, आणि मी येत नाहीये.”

मी हत्यारे पिशवीत भरत राहिलो. एक पेचकस तीनदा आत टाकला आणि तीनदा बाहेर काढला.

बाहेरच्या खोलीत तिने मशीनची जागा बदललेली होती. जुनी जागा खिडकीखाली असणार, फरशीवर चार पायांचे डाग होते. आता मशीन आईच्या दारासमोर, अंधाऱ्या बाजूला होते. ती बसली, पाय पायट्यावर ठेवला. कुठल्याशा शाळकरी मुलाच्या मापाची निळी बाही सुईखाली सरकू लागली.

“दिवा चालू राहील,” मी म्हणालो. “काही बिघडलं तर मी येतो.”

ती माझ्याकडे बघत नव्हती, त्यामुळे तिला ते कळले नाही. वीतभर शिवण झाली, मशीन थांबले. तिने मान वर करून आतल्या पलंगाकडे पाहिले, आणि मग पुढची वीत.