कुर्ल्यांचं माहेर

शेवंता तारकरच्या दारात पहिली कुर्ली बाळंतपणाला आली, तेव्हा तिच्या हातात कापडी पिशवी होती आणि पिशवीत स्वतःचा तांब्या. खेकड्याची जात, पण उंचीने ती शेवंतेच्या खांद्याला लागत होती. उंबऱ्यात आडवी उभी राहून तिने पायांवर पाणी मागितलं. शेवंतेने घातलं. पायच इतके, की अख्खी कळशी संपली. तेवढं पाणी तारकरांच्या घरी व्याह्यांनाही कधी मिळालं नव्हतं.

"कोण गो तू?" शेवंतेने विचारलं.

"मी आपली माहेरवाशीण," कुर्ली म्हणाली. "मागच्या वर्षी आपण माझी ओटी भरली होती." तिची भाषा रेडिओवरच्या बातम्यांसारखी होती, एकही अक्षर न गिळणारी.

तिचं खोटं नव्हतं. त्या वाडीची रीतच तशी. जाळ्यात पोटाखाली अंड्यांची गाबोळी धरलेली कुर्ली आली, तर तिचं कालवण होत नाही. ती माहेरवाशीण. तिच्या पाठीवर हळदकुंकवाचं बोट, पुढ्यात चार तांदूळ, आणि दांड्यावरून, म्हणजे खाडी आणि समुद्र यांच्यामधल्या वाळूच्या पट्ट्यावरून, तिला पाण्यात सोडायचं. सोडताना पाठीला हात लावून हळूच पुढे ढकलायचं. गावची कुर्ली अशी क्वचित सापडायची, म्हणून बायकांना त्याचं अप्रूप होतं.

मग खाडीत या निळ्या नांगीच्या आल्या. कुणी म्हणे बोटीच्या पोटातल्या पाण्यातून आल्या, कुणी आणखी काही म्हणे. नांग्यांची टोकं लालभडक, नखं रंगवल्यासारखी. आणि जी सापडेल ती पोटुशी. शेवंतेचा नवरा बाबुली जाळं झटकताना म्हणाला होता, "ही आमच्यातली नाय गो."

"पोटुशी असा. मगे?" शेवंता म्हणाली होती, आणि कुंकवाचा करंडा घेऊन दांड्याकडे निघाली होती. त्या वर्षी तिने भरलेल्या ओट्यांना गणती नव्हती.

तर ती कुर्ली घरात आली ती थेट माजघरालगतच्या खोलीत गेली आणि बाजेवर आडवी झाली.

ती खोली रेश्माची होती. रेश्मा शेवंतेची एकुलती एक लेक, कोल्हापुराला दिलेली. पहिल्या खेपेला सासरी राहिली आणि मूल हाती लागलं नाही. या खेपेला माझ्या डोळ्यांसमोर, असं शेवंतेने जावयाला फोनवर बजावलं होतं. बाजेवर नवी गोधडी घातली होती, शेगडी आणली होती, डबाभर अळिवाचे लाडू वळले होते, जुन्या लुगड्यांची मऊ दुपटी शिवली होती. रेश्माला यायला अजून अवकाश होता, म्हणून शेवंता कुर्लीला काही बोलली नाही. बाळंतपणाला आलेल्या बाईला ऊठ म्हणायला जीभ वळत नाही.

लाडू देताना तिने कुर्लीच्या नवऱ्याची चौकशी केली.

"तो एकदाच असतो," कुर्ली म्हणाली. शेवटचं कवच उतरून ती मऊ पडायची होती, तेव्हा तो आला. किती दिवस तिला पोटाखाली धरून हिंडला, कुणाचा वारा लागू दिला नाही. मग वर गोड्या पाण्यात निघून गेला. त्याने दिलेलं ती जन्मभर साठवून ठेवते, लागेल तेव्हा थोडं थोडं काढते. "पुन्हा त्याची गरज पडत नाही."

पडवीत बसलेला बाबुली खाकरला आणि चप्पल शोधायला लागला.

कुर्लीच्या पोटाखालची गाबोळी आधी झेंडूच्या रंगाची होती. मग ती विटकरी झाली, मग काळी. काळी झाल्यावर शेवंतेने दिवा जवळ नेऊन पाहिलं. एकेक कण म्हणजे एकेक पोर होतं, आणि प्रत्येकाला दोन डोळे होते. ते सगळे शेवंतेकडे बघत होते. कुर्लीने खारट पाणी मागितलं. शेवंतेने घमेल्यात मीठ कालवलं. "अजून," कुर्ली म्हणाली. गोणी संपल्यावर विहिरीचं पाणी आपणहून खारट झालं.

ती बाळंत झाली आणि उठली नाही. दुसरी खेप लगेच राहिली होती. तोवर दारात बाकीच्या आल्या होत्या, प्रत्येकीची पिशवी, प्रत्येकीचा तांब्या. शेवंता दार लावून घ्यायला जायची, पण प्रत्येकीच्या पाठीवर कुंकवाचं बोट होतं आणि ते बोट तिचंच होतं. आपलं बोट कुणाला ओळखू येत नाही?

एक कुर्ली आली की ती खोली एका बाजेने लांब व्हायची आणि उरलेलं घर तेवढं आखडायचं. आधी देवघर गेलं. मग स्वयंपाकघर इतकं अरुंद झालं की चुलीशी आडवं होऊनच जावं लागे. बाबुली आधी नाइलाजाने आडवा चालायचा, नंतर त्याला ते बरं वाटायला लागलं. एका सकाळी त्याने टोपी घातली, आडव्यानेच अंगण ओलांडलं आणि खाडीच्या कडेकडेने वर, गोड्या पाण्याकडे गेला. जेवायला कधी येणार, असं शेवंतेने विचारलं. आता गरज नाही, असं तो शुद्ध मराठीत म्हणाला.

पोरं तांदळाच्या डब्यात होती, नळात होती, उशीत होती. त्यांनी खाडीतल्या तिसऱ्या-शिंपल्या संपवल्या, कालवं संपवली, गावच्या कुर्ल्या कवचासकट संपवल्या. घरी येऊन अळिवाचे लाडू संपवले. दुपटी तेवढी खाल्ली नाहीत, पांघरली.

रेश्मा निघाल्याचा फोन आला त्या दिवशी शेवंतेने मोठं पातेलं चुलीवर ठेवलं आणि भाजक्या खोबऱ्याचं वाटण केलं. हिंमत करून तिने सगळ्यांना सांगितलं, "माझ्या चेडवाक जागा व्हयी. जागा करा, नायतर ह्या बघा पातेला."

एव्हाना त्या मालवणी शिकल्या होत्या. "आये, आमी खंय जातलंव?" पहिली म्हणाली. तिने वाटणात नांगी बुडवून चाखलं आणि मीठ कमी असल्याचं सांगितलं. मग स्वतःच पातेल्याच्या काठावर चढून बसली. पोटाखाली नवी गाबोळी होती, झेंडूच्या रंगाची. शेवंतेने तिला धरलं. ढकलायचं तेवढं राहिलं होतं. पोटुशीला कालवणात घालायचं, हे हाताला माहीतच नव्हतं. तिने तिला खाली उतरवलं आणि चूल विझवली. दुसरीने पडवीतल्या दोरीवरून धुतलेलं लुगडं आणून त्याच्या पदराने शेवंतेचं तोंड पुसलं.

रेश्मा भर दुपारी रिक्षाने आली. पोट चांगलं दिसत होतं. हातात कापडी पिशवी, नखं लालभडक. उंबऱ्यात ती आडवी उभी राहिली, कारण सरळ उभं राहण्याएवढा उंबरा उरला नव्हता.

"आई, मी आत येऊ का?" ती म्हणाली. एकही अक्षर न गिळता.

शेवंता कळशी आणायला वळली. कळशी रिकामी होती. तोवर त्या दाराशी जमल्या होत्या आणि रेश्माला वरपासून खालपर्यंत न्याहाळत होत्या.

"ही कोण गो, आये?" पहिलीने विचारलं.

"माझां चेडू."

"ही आमच्यातली नाय गो," मागून कुणीतरी म्हणालं.

"पोटुशी असा," पहिली म्हणाली. "मगे?"

आणि ती कुंकवाचा करंडा घेऊन आली. त्यांनी रेश्माला पाटावर बसवलं, पाठीवर हळदकुंकवाचं बोट लावलं, पदरात तांदूळ घातले, नारळ ठेवला. नांगीने तांदळाचा एकही दाणा सांडला नाही. शेवंता बघत राहिली. तिच्याकडून कधी इतकं नीट जमलं नव्हतं. ओटी भरल्यावर माहेरवाशिणीला थांबवून घेत नाहीत. हे त्यांना शेवंतेनेच शिकवलं होतं.

सगळ्या मिळून दांड्यावर गेल्या. ऊन होतं, पाणी संथ होतं. रेश्मा घोट्यापर्यंत उतरली, मग गुडघ्यापर्यंत.

"आई, माझी खोली कुठे आहे?"

शेवंतेला सांगायचं होतं की मागे, घरात, बाजेवर नवी गोधडी घातलेली. पण तिचा हात रेश्माच्या पाठीवर होता, कुंकवाच्या बोटाच्या जरा खाली, आणि तो हात हळूच पुढे ढकलत होता. पाणी पदराला लागलं. तांदूळ तरंगत वर आले, काळे झालेले, आणि प्रत्येक दाण्याला दोन डोळे होते.